बारा हजारांचं सेन्सरी किट घेण्याआधी

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल आणि मी काही वेगळंच समजून घेतलं असेल तर तुम्ही सांगाल. मुलगी साडेपाच वर्षांची. ऑटिझमचं निदान झालंय, मोजकेच शब्द बोलते. एका जागी बसत नाही, सोफ्यावरून सारख्या उड्या, मिक्सर लावला की कान झाकून आतल्या खोलीत पळते, कणकेला बोट लावत नाही पण भिंतीला गाल घासत फिरते. तुम्ही शिरोली एमआयडीसीत शिफ्टला जाता, फुलेवाडीच्या घरात तिची आई, आज्जी, आजोबा. जूनमध्ये पहिलीत घालायचंय. मोबाईलवर चाळीस खेळांची यादी मिळाली, शिवाय बारा हजारांचं एक सेन्सरी किट (स्पर्श, दाब, आवाज, उजेड अशा संवेदनांच्या खेळण्यांचा संच) दिसलं, आणि तुम्ही विचारताय की ते घेऊ का, आणि रोज कुठले पाच खेळ घेतले म्हणजे ती बसायला लागेल आणि अक्षरं गिरवेल. शेवटी एक ओळ हळूच टाकलीय, की आज्जी म्हणतात दोन रट्टे दिले की बसेल. त्याच्यावरपण येते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे जेवण, कपडे, खेळ, लिहिणं अशी रोजची कामं मुलांना जमावीत म्हणून मदत करते, आणि कोल्हापुरातच बरीच वर्षं अशा मुलांबरोबर काम करते. किटचं लगेच सांगून टाकते, आत्ता नका घेऊ. त्यात बहुतेक वेळा काय असतं तर टोचरे रबरी चेंडू, दाबायचे पॉप-इट, रंगीत वाळू, चमकणाऱ्या लायटी, चावायच्या माळा, एखादं वजनदार पांघरूण. निम्म्या वस्तूंचं काम तुमच्या स्वयंपाकघरात फुकट होतं, आणि उरलेल्या अशा की मुलीला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय द्यायच्याच नसतात. वजनदार पांघरुणाचंच बघा, ते तिला स्वतःहून अंगावरून काढता आलं पाहिजे, वजन किती ते थेरपिस्टनं ठरवलं पाहिजे, लहान बाळांना तर ते द्यायचंच नाही. आणि किटचं होतं काय की पहिले काही दिवस कौतुक, मग ते कपाटावर, आणि आईवडलांच्या डोक्यात मात्र पक्कं बसतं की सगळं करून बघितलं, काय फरक नाही.

आता पाच खेळांचं. तुम्ही विचारलंय कुठला खेळ, पण माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की ही पोरगी दिवसभर जे करते त्यातनं तिला काय मिळतंय, आणि त्या चाललेल्या खेळात दुसऱ्या माणसाला शिरकाव कसा करून घ्यायचा. ती उड्या मारते, भिंतीला घासते, कान झाकते, म्हणजे ती तिच्या परीनं स्वतःला जुळवूनच घेतेय की. त्याला आपण 'वाईट सवय' म्हणतो आणि ती मोडायला खेळ शोधतो, तिथंच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते.

मी मुलीला बघितलेलं नाही, त्यामुळे बऱ्याच गोष्टी 'जर-तर' मध्येच राहणार. कानांची तपासणी झालीय का? बोलणं उशिरा असलेल्या प्रत्येक मुलाची ती झालीच पाहिजे, मिक्सरला घाबरते म्हणजे ऐकू नीट येतंय असं धरून चालू नका. कधी फिट आलीय का, गोळ्या चालू आहेत का, झोप किती, पोट साफ होतं का (हसू नका, बद्धकोष्ठता असलेली पोरं दिवसभर चिडचिड करतात आणि आपण त्याला सेन्सरी म्हणत बसतो), दात दुखतोय का. ही उत्तरं बदलली तर खालचं निम्मं बदलेल. आणि इतर पालक वाचत असतील तर, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना कोलांट्या उड्या, ट्रॅम्पोलिन, मानेवर जोर येणारे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा ढिला असतो. फिट येणाऱ्या मुलांना चमकणाऱ्या लायटींचे खेळ नकोत.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. या कामात अजून दोन फार महत्त्वाची. एक तोलाची, ती आतल्या कानात असते, डोकं हललं, झोका घेतला, गिरकी घेतली की ती जागी होते. दुसरी स्नायू आणि सांध्यांची, म्हणजे ओढलं, ढकललं, उचललं, दाबलं की शरीराला कळतं आपले हातपाय कुठं आहेत. ए. जीन आयर्स नावाच्या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी १९६० आणि ७० च्या दशकात ही मांडणी केली, की मेंदूला या सगळ्या संवेदना एकत्र जुळवता आल्या नाहीत तर वागणं आणि शिकणं दोन्ही अडतं. आजचं 'सेन्सरी' म्हणून जे काय विकलं जातं त्याचं मूळ तिथं आहे. पण यानं ऑटिझम 'बरा' होतो असं कोण म्हणत असेल तर तिथनं उठून या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्येच लिहून ठेवलंय की या थेरपीचे पुरावे मर्यादित आहेत आणि पालकांना ते स्पष्ट सांगावं. नंतरच्या काही अभ्यासांत ठरवलेल्या उद्दिष्टांपुरता फायदा दिसलाय, जसं की कपडे घालणं, जेवायला बसणं. म्हणून मी कुठलाही खेळ सांगताना आधी विचारते, यानं तिच्या दिवसातलं नेमकं काय सोपं व्हायला पाहिजे? उत्तर नसेल तर तो खेळ नाही सांगत.

तर पहिला आठवडा खेळ शिकवायचाच नाही. एक जुनी वही घ्या, आज्जी आजोबा आई सगळ्यांनी त्यात लिहायचं, उड्या कधी वाढतात, त्याच्या आधी काय झालं होतं, आणि नंतर ती शांत होते का अजूनच चेकाळते. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. उड्यांनंतर शांत होत असेल तर ते तिचं औषध आहे, चेकाळत असेल तर तिथं वेगळं काहीतरी द्यावं लागेल. कान झाकणं फक्त मिक्सरला का कुकरच्या शिट्टीला पण, का पाहुणे आले की. भिंतीला गाल घासते ती झोपेच्या वेळी का सगळ्यात जास्त आवाज असतो तेव्हा. आठवड्यात तुमच्या लक्षात येईल की दिवसाला एक आकार आहे, आणि खेळ त्या आकारात बसवायचे असतात, घड्याळ लावून नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा अंदाज असा की तिला स्नायूंचं काम जास्त लागतं. सोफ्यावरून उडी म्हणजे पाय जमिनीवर आपटले की सांध्यांना जोरात निरोप जातो, भिंतीला घासणं म्हणजे खोल दाब. हे तिला आधीच, भरपूर, आणि आपल्या पद्धतीनं द्यायचं. थंडीत सकाळी जुनी गाडी चोक दिल्याशिवाय उचलत नाही तसंच हे, आधी अंगाला काम आणि मग बसायचं काम, उलटं केलं की नुसती खरखर. घरातलं सगळ्यात भारी साधन म्हणजे आज्जीची वाकळ, म्हणजे गोधडी. जमिनीवर पसरायची, पोरगी एका टोकाला आडवी, डोकं आणि मान कायम बाहेर, आणि गुंडाळत न्यायचं, मग 'आता सोडू?' म्हणून थांबायचं, तिनं काहीतरी खूण केली, बघितलं, हात हलवला, आवाज केला की उलगडायचं. तोंड झाकायचं नाही, जेवल्या जेवल्या नाही, आणि तिनं नको म्हटलं, म्हणजे अंग आखडलं तरी ते नकोच, की लगेच सोडायचं. जबरदस्तीनं दाबून धरणं हा खेळ नव्हे.

बाकी ओढणं ढकलणं घरात शोधायला लागत नाही. बाजारातनं आलेली पिशवी दाराशी ठेवायची आणि तिनं ती ओट्यापर्यंत न्यायची. पोत्यात चार उशा भरून ते पोतं आजोबांबरोबर ओढायचं. अर्धी बादली पाणी दोन हातांनी झाडाला. भिंतीला दोन्ही तळहात लावून 'भिंत ढकलू या'. चादरी पिळणं, दोन टोकांना दोघं. वजन तिला झेपेल एवढंच, चेहरा लाल होईपर्यंत नको. आणि आपलं कोल्हापूर आहे, पेठेत अजून तालमी आहेत, तुमच्या ओळखीत कोण वस्ताद असतील तर पहाटे किंवा दुपारी मोकळ्या वेळी अर्धा तास लाल मातीत खेळू देतात का विचारा. ती मऊ भिजवलेली माती, त्यात पाय रुतणं, लोळणं, उकरणं, अशी सेन्सरी रूम मी कुठल्याच सेंटरला बघितली नाही. सगळीकडं मुलींना आत घेत नाहीत हेही माहितीय, मग पंचगंगेच्या घाटापेक्षा शेतावरचं ढेकूळ बरं, कोणाचं तरी रान असेलच की. (घाट नको म्हणते कारण ही पोरं पाण्याकडं धावतात आणि धोका कळत नाही. रंकाळा तलावालाही हात धरूनच, आणि रविवार संध्याकाळ टाळून.)

आता हात. कणकेला हात लावत नाही आणि भिंतीला गाल घासते, हे तुम्हाला विरोधी वाटतं. नाही विरोधी. हलका, ओला, चिकट स्पर्श बऱ्याच पोरांना नकोसा होतो आणि घट्ट, कोरडा, स्वतःच्या मर्जीनं घेतलेला दाब हवासा. त्यामुळं तिचा हात धरून कणकेत कोंबायचा नाही. मी हे इतक्या घरात बघितलंय, प्रेमानंच करतात, 'बघ काय होत नाही', आणि पोरगं दुसऱ्या दिवशी परात बघूनच पळतं. चढती पायरी घ्यायची. आधी कोरडं आणि मोठं, म्हणजे परातीत राजमा किंवा चिंचोके, त्यात हात नाही, पळी आणि वाटी, नुसतं भरायचं ओतायचं. मग त्यात तिची आवडती वस्तू अर्धी दिसेल अशी पुरायची. मग पूर्ण पुरायची. मग राजम्याऐवजी तांदूळ, मग रवा. कणीक अजून लांब, ती आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरनं दाबायची, मग लाटण्यानं, मग कोरडं पीठ भुरभुरलेली गोळी एका बोटानं. कुठल्या पायरीला एक दिवस आणि कुठल्या पायरीला महिना, ते पोरगी ठरवणार. आणि कणकेपर्यंत नाही पोचली तरी आभाळ कोसळत नाही, पोळी लाटणं हे साडेपाच वर्षाचं ध्येय नाहीये. तिला हात धुवायला, साबण लावायला, तेल लावून घ्यायला जमलं की माझ्या दृष्टीनं ती बाजी जिंकली.

राजमा, चिंचोके, वाटाणे देताना मोठं माणूस समोर बसलेलंच पाहिजे. तोंडात जातात, नाकात जातात, कानात जातात. सगळं तोंडात घालायची सवय असेल तर हे धान्याचे खेळ सोडून द्या, त्याऐवजी शिजवलेला साबुदाणा, कुरमुरे, पोहे असं पोटात गेलं तरी चालेल असं घ्या, तेसुद्धा बसून आणि थोडं थोडं. पाण्यात टाकल्यावर फुगणारे ते रंगीत जेलचे मणी बाजारात मिळतात, ते घरात आणूच नका, गिळले तर आतड्यात फुगून अडकतात. आवाजाच्या खेळण्यांमधले बटणासारखे चपटे सेलही तसेच धोक्याचे, झाकण स्क्रूनं बंद होतं का बघा. रांगोळीच्या भुकटीत अक्षरं गिरवतात काहीजण, मी देत नाही, ती डोळ्यात आणि नाकात जाते. रवा चांगला.

मिक्सरचं. इथं खेळ कमी आणि शिस्त जास्त, पण ती तुमच्यासाठी. अचानक आवाज हा वाईट, माहिती असलेला आवाज बरा. मिक्सर लावायच्या आधी प्रत्येक वेळी तिला जार दाखवायचं, 'मिक्सर, घुर्रर्र' एवढंच म्हणायचं, आणि ती लांब जाऊ दे. काही दिवसांनी आतल्या खोलीच्या दारात उभी राहते का बघा. मग रिकामा मिक्सर, आई बटणापाशी, आजोबा तिच्याबरोबर दारात, आजोबांनी हात वर केला की चालू, खाली केला की बंद, एका सेकंदासाठीच. मग हात तिचा. ज्या आवाजाचा कंट्रोल आपल्याकडं आहे त्याची भीती निम्मी होते, हे मोठ्यांनापण लागू आहे. कान झाकणारे हेडफोन गर्दीत, लग्नात, गणपतीच्या मिरवणुकीला जरूर वापरा, पण दिवसभर नको. आणि गणपतीच्या डॉल्बीसमोर कुठल्याच पोराला सवय करायला नेऊ नका, प्लीज.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल यात शिकणं कुठाय. इथंच तर आहे. माझ्याकडं येणाऱ्या पालकांना मी सांगते की परात, वाकळ, झोका हे सगळं आमिष आहे, मासा वेगळाच आहे. तिला जे भयंकर आवडतं त्याच्या मधोमध तुम्ही उभे राहायचं. झोपाळ्याचं उदाहरण घ्या. कडीपाटाला झोपाळा असेल तर उत्तम, नाहीतर जुन्या नऊवारीची झोळी, हूक तपासून, खाली गादी टाकून, आणि मोठं माणूस कायम शेजारी. पुढं मागं संथ झोका, तो शांत करतो, गरागरा फिरवणं नको, त्यानं पोरं चेकाळतात नाहीतर मळमळतं, आणि त्याचा परिणाम बराच वेळ राहू शकतो. घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, जांभया यायला लागल्या तर लगेच थांबा. तर झोका द्यायचा चार वेळा, आणि पकडून ठेवायचा. 'एक... दोन...' आणि गप्प. तोंडानं 'तीन' म्हणायची घाई आपल्यालाच असते, ती आवरायची. मनात दहा मोजा. ती बघेल, अंग पुढं करेल, तुमचा हात ओढेल, 'ती' असं काहीतरी म्हणेल. त्यातलं काहीही आलं की तीन म्हणून झोका. हे सुरुवातीला बारीक असतं, नजर अर्ध्या सेकंदाची, पण 'मला हवंय आणि ते हे माणूस देणार' हा विचार सगळ्या भाषेच्या तळाशी आहे, अक्षरं फार नंतर.

हेच वाकळीत, हेच राजम्यात (पळी तुमच्या हातात, एक तुझी एक माझी), हेच आपडी थापडीत. आपल्या जुन्या खेळांत हे थांबणं आयतं आहे बघा, आपडी थापडीत शेवटी कान पकडायच्या आधी जो ठेका येतो तिथं एक क्षण थांबायचं आणि तिच्याकडं बघायचं. आज्जींना हे माझ्यापेक्षा चांगलं येतं. म्हणून रट्ट्यांचं बोलणं झालं की त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. मार दिल्यावर पोरगी बसते, खरंय, पण ती घाबरून बसते, आणि घाबरलेल्या पोरीच्या डोक्यात ग म भ न शिरत नाही, उलट ज्या माणसाकडं यायला पाहिजे त्याच्यापासनं ती लांब जाते. 'आज्जी, तुमच्या मांडीवर ती जेवढी टिकते तेवढी कोणाकडं टिकत नाही' असं म्हणून बघा, खरं असेल तरच म्हणा. शेंगा फोडायला आज्जीच्या शेजारी बसणं, सोललेला लसूण वाटीत टाकणं, मटारातले दाणे काढणं, बोटांच्या चिमटीला याच्यापेक्षा चांगला व्यायाम मला माहिती नाही, आणि संपल्यावर भाजी होते म्हणजे कामाचा शेवट दिसतो.

तो शेवट दिसणं फार लागतं या मुलांना. टेबलावर 'अभ्यास कर' म्हणजे किती वेळ, कुठपर्यंत, तिला काय कळणार. म्हणून दोन टोपल्या, डावीकडं काम, उजवीकडं झालेलं. डावीकडं सुरुवातीला एकच गोष्ट, बरणीला झाकण लावणं किंवा दोन चमचे चमच्यांच्या खणात. लावलं, उजवीकडं टाकलं, टोपली रिकामी, 'झालं!' आणि लगेच तिच्या आवडीचं. भिंतीवर दोन फोटो, आधी हे, नंतर हे. मोबाईलवर काढलेले तुमच्याच घरातले फोटो, छापील चित्रं नकोत, तुमचाच झोपाळा तुमचीच टोपली. एक काम जमलं की दोन. यात जोड्या लावणं घ्या, आधी वस्तूला वस्तू (वाटीला वाटी, चप्पलला चप्पल), मग वस्तूला फोटो, मग फोटोला फोटो, आणि त्यानंतरच अक्षराला अक्षर. पालक थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात आणि मग म्हणतात तिला समजत नाही.

अक्षरांचं थोडं सांगते कारण जून डोक्यावर आहे. हाताला उभी रेघ साधारण दोन-अडीच वर्षांच्या आसपास यायला लागते, मग आडवी, गोल तीनच्या आसपास, अधिकचं चिन्ह चारच्या, चौकोन त्यानंतर, आणि तिरक्या रेघा नि त्रिकोण पाचच्या पुढं. आपल्या मुलीचा हात यात कुठं आहे ते बघा, वय नका बघू. गोल बंद करता येत नसेल तर 'क' गिरवायला लावणं म्हणजे दोघांचा छळ. सुरुवात मोठ्या हालचालींनी, अंगणातल्या भिंतीवर पाणी आणि जुना रंगाचा ब्रश, वरून खाली उभ्या रेघा, त्या वाळून नाहीशा होतात म्हणून चुकल्याचं काही राहत नाही. मग परातीत रवा. मग उभा फळा आणि तुटके खडू, मुद्दाम तुटके, बोटाच्या पेराएवढे, कारण एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. गोल आणि उभी रेघ आली की ठ, ट असली अक्षरं हाताशी येतात. ओळखायला मात्र पहिलं अक्षर तिच्या नावाचं घ्या, ते तिचं आहे.

एकदा मध्येच गोळा करते, कारण मी फार बोलते. आधी आठवडाभर वही. मग बसायच्या कामाआधी ओढणं ढकलणं किंवा वाकळ. हातांना पायरी पायरीनं, जबरदस्ती नाही. आवडत्या खेळात थांबायचं आणि तिच्या खुणेची वाट बघायची. आणि दोन टोपल्या, एक काम. वेळ म्हणाल तर एका वेळी पाच ते दहा मिनिटं, दिवसात तीन चारदा, अंघोळीआधी, जेवणाआधी, झोपायच्या आधी असं जिथं दिवस आधीच वळतो तिथं. तुमची सेकंड शिफ्ट असेल तर सकाळची वाकळ तुमची, रात्रपाळी असेल तर संध्याकाळचा झोका. तिच्या आईवर सगळं टाकू नका, हे न विचारता सांगतेय.

किटचे बारा हजार वाचले ते कुठं घालायचे म्हणाल तर एकदा नीट मूल्यमापन करून घ्या, ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच (बोलण्याची थेरपी) दोन्ही, आणि थेरपिस्टला स्पष्ट विचारा की घरी काय करायचं ते शिकवणार का. दार बंद करून पाऊण तास मुलीला आत नेतात आणि आई बाहेर बाकड्यावर, अशा ठिकाणी माझं मन लागत नाही. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा, अर्ज ऑनलाईन होतो, तपासणीचं सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात विचारा. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये येतो, आणि प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा तुम्ही निवडाल त्या विशेष शाळेत. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजनाही बघा, ऑटिझमला लागू आहे, १ लाखापर्यंत कव्हर आणि त्यात थेरपीचा काही खर्च बसतो. शाळेत घालताना 'बसत नाही' म्हणून नाकारलं तर लेखी मागा, लेखी मागितलं की सूर बदलतो बऱ्याचदा. आणि पहिलीसाठी तिचं वय नियमात बसतंय का तेही शाळेत विचारा, बसत नसेल तर बालवाडीचं अजून एक वर्ष ही काय हार नव्हे.

कधी थांबून डॉक्टरांकडं जायचं तेही लिहिते. आधी येत होते ते शब्द गेले, एकटक बघत राहते आणि हाक मारून, हात लावून पण भानावर येत नाही, स्वतःचं डोकं आपटते किंवा चावते, झोप एकदम मोडली, चालणं बदललं, यातलं काही दिसलं तर खेळ बाजूला आणि आधी बालरोग किंवा न्यूरोचे डॉक्टर.

वही भरून झाली की त्यातल्या दोन पानांचे फोटो टाका इथं, नाव वगैरे झाकून, आणि झोक्यावरच्या त्या 'एक दोन' च्या वेळी ती काय करते ते नीट शब्दात लिहा, मुलीचा व्हिडिओ मात्र असा उघड्यावर टाकू नका, तो तुमच्या थेरपिस्टला दाखवायला ठेवा. मग पुढचं काय घ्यायचं ते बोलू.